निळ्या पाण्याचं पदक

हौसेला मोल नसतं, असं आपण बोलता बोलता म्हणून जातो. ज्या पदकाचा इतिहास मी या स्मरणिकेसाठी लिहितो आहे, त्याच्या नियमातच ही म्हण बसवलेली आहे. दरवर्षी दर्यावर्दीपणाचा जो नमुना सर्वांत मोलाचा ठरेल त्याचा गौरव करायचा, आणि मानकरी जगातल्या कुठल्याही देशाचा चालेल, मात्र तो हौशी असला पाहिजे. या नियमाने १९२३ साली अमेरिकेतल्या क्रूझिंग क्लबने ‘ब्लू वॉटर मेडल’ सुरू केलं. पदकासोबत पैशांची थैली नाही. वेगाचा विक्रम मोडलाच पाहिजे, अशी अटही नाही.

आपल्याकडे शीडनौकांची हौस असणारी माणसं मोजकी आहेत आणि आपलं मंडळही लहान. परक्या क्लबच्या पदकाला आपल्या स्मरणिकेत इतकी पानं कशाला, असं काहींनी विचारलं. त्याचं उत्तर मुंबईच्या आणि गोव्याच्या लाकूडकामापर्यंत जातं. तिथे मी येणारच आहे, पण सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय ते पटणार नाही.

आधी नावाबद्दल. किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ, हिरवट असतं. तळ खोल गेला आणि जमीन दिसेनाशी झाली की ते निळं होतं. त्या पाण्यात मदतीला कुणी धावून येत नाही. फाटलेलं शीड तुम्हीच शिवायचं, तुटलेला दोर तुम्हीच बांधायचा, पाण्याचं पिंप नासलं तर पावसाची वाट बघायची. आपल्या जुन्या माणसांनी अशा पाण्याला काळं म्हटलं आणि ते ओलांडणाऱ्याला प्रायश्चित्त सांगितलं. पदक काढणाऱ्या त्या क्लबवाल्यांनी त्याला निळं म्हटलं. भीती दोघांचीही खरीच होती.

क्लबचा मूळपुरुष विल्यम वॉशबर्न नटिंग. हा मोटारबोटींच्या मासिकाचा संपादक. १९२० साली विल्यम अ‍ॅटकिन या आरेखकाने काढलेली ‘टायफून’ नावाची शीडनौका घेऊन तो कॅनडातल्या बॅडेकहून निघाला आणि २२ दिवसांत इंग्लंडमधल्या काउजला पोचला. तिथे त्याची रॉयल क्रूझिंग क्लबच्या मंडळींशी गाठ पडली. तो क्लब १८८० पासूनचा. शर्यतींपेक्षा लांबच्या सफरी करणारी, परतल्यावर आपल्या नोंदवह्या एकमेकांना वाचायला देणारी ही माणसं होती. अमेरिकेत नौकांचे क्लब भरपूर होते, पण असा एकही नव्हता. नटिंग परतीच्या वाटेवर नोव्हेंबरच्या वादळात सापडून कसाबसा घरी पोचला, तो ही कल्पना डोक्यात घेऊनच. १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये क्रूझिंग क्लब ऑफ अमेरिका उभा राहिला. नटिंग त्याचा पहिला कमोडोर. पुढे १९२६ पासून बर्म्युडाच्या प्रसिद्ध शर्यतीच्या आयोजनातही क्लब उतरला. पण माझ्या मते त्याची खरी कमाई हे पदक आहे.

पहिलं पदक १९२३ साली गेलं ते आलँ गेर्बो या फ्रेंच माणसाला. महायुद्धात वैमानिक, युद्धानंतर टेनिसपटू. त्याने १८९२ साली बांधलेली ‘फायरक्रेस्ट’ ही जुनी इंग्लिश नौका विकत घेतली आणि ६ जून १९२३ रोजी जिब्राल्टरहून एकटाच न्यूयॉर्कच्या दिशेने निघाला. शिडं जीर्ण होती. वाऱ्याचा जोर वाढला की शिवण उसवायची, मग हा डेकवर बसून सुईदोरा चालवायचा. एक शिवून होतंय तोवर दुसरं फाटायचं. पिंपातलं पाणी नासलं, मीठ लावलेलं मांस सडलं, आणि पाऊस पडेपर्यंत दिवसाला घोट-घोट मोजून प्यावं लागलं. ऑगस्टमध्ये एका वादळात त्याला दिसलं, की येणारी लाट बाकीच्या लाटांहून कितीतरी उंच आहे. डेकवर राहिलो तर वाहून जाऊ, हे ओळखून तो दोरखंडांना धरून डोलकाठीवर चढला. लाट नौकेवरून आरपार गेली. तो खाली उतरला तेव्हा नाळेपुढे आलेला लाकडी सोट मोडून पडला होता आणि त्यावर ताणलेले सगळे दोर ढिले झाले होते. त्याने ती मोडतोड भर समुद्रात दुरुस्त केली. निघाल्यापासून १०१ दिवसांनी, १५ सप्टेंबरला, तो न्यूयॉर्कच्या पाण्यात शिरला.

गेर्बोची तयारी कच्ची होती, असं मला स्पष्ट वाटतं. नवी शिडं घेऊन निघाला असता तर निम्मे हाल वाचले असते. तरी पहिल्या मानकऱ्याची निवड मला योग्य वाटते. शंभर दिवस रोज काहीतरी मोडत होतं आणि रोज हा ते जोडत होता.

१९२४ चं पदक शांघायहून निघून केप ऑफ गुड होपमार्गे डेन्मार्क गाठणाऱ्या अ‍ॅक्सेल इंगवरसनला मिळालं. आणि १९२५ साली आला तो माणूस, ज्याच्याविषयी मला सर्वांत जास्त आपुलकी आहे. हॅरी पिजन.

पिजन आयोवातला शेतकऱ्याचा मुलगा. जिथे तो वाढला तिथून समुद्र शेकडो मैल लांब. कॅलिफोर्नियात आल्यावर फोटोग्राफी करून पोट भरणाऱ्या या माणसाने नियतकालिकात छापलेले नकाशे आणून लॉस एंजेलिस बंदराच्या काठावर उघड्यावर स्वतःच्या हाताने ३४ फुटांची नौका बांधली. तिचं नाव ‘आयलँडर’. इंजिन नाही. सूर्य-ताऱ्यांवरून जागा काढण्याचं गणित त्याने पुस्तकांतून शिकून घेतलं. आधी हवाईची फेरी मारून हात बसवला आणि मग १८ नोव्हेंबर १९२१ रोजी तो एकटा निघाला. पॅसिफिकची बेटं, टॉरेसची सामुद्रधुनी, हिंदी महासागर, केप, मग अटलांटिक आणि पनामाचा कालवा. ३१ ऑक्टोबर १९२५ ला तो लॉस एंजेलिसला परत आला. जोशुआ स्लोकमने १८९५ ते १८९८ मध्ये ‘स्प्रे’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली होती, त्यानंतर ती करणारा पिजन दुसरा.

त्याच्या प्रवासात गेर्बोसारखी नाट्यमय प्रकरणं फार नाहीत. केपटाऊन सोडल्यावर एकदा नौका वाळूच्या किनाऱ्याला लागली, तिला ओढून पुन्हा पाण्यात घातलं आणि हा पुढे निघाला. एवढंच. इतकी शांत प्रदक्षिणा घडते ती शीड वेळेआधी कमी करणाऱ्याच्या, दोर झिजण्याआधी बदलणाऱ्याच्या हातून. आपले कोळी वाऱ्याचा रंग बघून होडी बाहेर काढायची की नाही ते ठरवतात. त्यांना पिजन लगेच कळला असता. पुढे १९३२ ते १९३७ मध्ये त्याने हीच फेरी त्याच नौकेतून पुन्हा केली.

गेर्बो आणि पिजन यांच्या पदकांच्या मध्ये क्लबवर जे कोसळलं, ते इथे सांगायलाच हवं. १९२४ च्या उन्हाळ्यात नटिंगने नॉर्वेत ‘लीफ आयरिक्सन’ नावाची नौका घेतली. नॉर्वेच्या कॉलिन आर्चर या नौकाकाराने वादळात सापडलेल्या मच्छीमारांना सोडवायला ज्या दोन्ही टोकांना निमुळत्या, भक्कम बचावनौका घडवल्या, त्याच घराण्यातली ही. जुन्या नॉर्स दर्यावर्द्यांच्या वाटेने आइसलंड, ग्रीनलंड करत अमेरिकेला जायचं, असा बेत होता. नौकेवर ४ जण होते. त्यात आर्थर हिल्डेब्रँड हा क्लबचा लेखक-सभासदही होता. सप्टेंबरमध्ये त्यांनी ग्रीनलंडचा किनारा सोडला आणि त्यानंतर ना नौका दिसली, ना माणसं.

ब्लू वॉटर मेडलची आकृती ज्याच्या हातून उतरली, तो हाच हिल्डेब्रँड. पदक काढणारा संस्थापक आणि पदक रेखाटणारा सभासद, दोघेही एकाच नौकेवर, पदक सुरू होऊन पुरती दोन वर्षं उलटायच्या आत गेले. त्यानंतर दरवर्षी जो कुणी ते पदक हातात घेतो, त्याच्या तळहातावर हिल्डेब्रँडची रेघ असते. क्लबने पदक बंद केलं नाही, यातच त्या माणसांची ओळख पटते.

‘जोली ब्रीझ’ या नौकेचं नाव पदकाच्या मानकऱ्यांच्या यादीत दोनदा येतं. मूळची ती फ्रान्समधल्या ल हाव्र बंदराची, १९१३ ची पायलट नौका. मुंबई बंदरात येणाऱ्या जहाजाला वाट दाखवायला जसा पायलट लाँचमधून सामोरा जातो, तसे तिथले पायलट शिडाच्या नौकांतून कुठल्याही हवेत बाहेर पडत. १९२६ साली ई. जी. मार्टिनने ती अटलांटिकपार नेली, बर्म्युडाची शर्यत धावला आणि परत आणली, म्हणून त्याला पदक. दुसरी वेळ १९३२ ची. तेव्हा ती रॉबर्ट सॉमरसेटकडे होती आणि पुन्हा बर्म्युडाच्या शर्यतीत उतरली होती. रात्रीच्या अंधारात मागे कुठेतरी संकटाचे दिवे दिसले. ‘एड्रियाना’ नावाची स्पर्धक नौका पेटली होती. सॉमरसेटने शर्यत सोडली, नौका वळवली आणि जळत्या जहाजाला जाऊन भिडवली.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. ज्यांनी शिडाची नौका साध्या लाटांत धक्क्याला लावून पाहिली आहे, त्यांनी क्षणभर थांबून विचार करावा. इंजिनाचा आधार नाही, दोन्ही नौका लाटांवर वरखाली होताहेत, एकीचे दोरखंड दुसरीत अडकताहेत, आणि आपल्या शिडांना व डांबरलेल्या दोरांना ठिणगी पुरेशी आहे. लांब राहिलो तर त्यांना उडी पोचणार नाही, चिकटून राहिलो तर आपणही पेटणार. सॉमरसेटने नौका तेवढाच वेळ टेकवली, जेवढ्यात माणसं उडी मारतील. ११ पैकी १० जण ‘जोली ब्रीझ’वर आले. एकाची उडी हुकली आणि तो समुद्रात गेला. त्या वर्षीचं पदक शर्यत अर्ध्यावर सोडणाऱ्याला दिलं गेलं. या शंभर वर्षांतला माझ्या लेखी तो सर्वांत योग्य निर्णय.

पुढच्या वर्षी रॉड स्टीफन्सला ‘डोरेड’च्या सफरीसाठी पदक मिळालं. न्यूयॉर्कहून नॉर्वे, तिथून इंग्लंडला येऊन फास्टनेटची शर्यत जिंकायची आणि पुन्हा अटलांटिक ओलांडून घरी, असं सगळं एका उन्हाळ्यात. नौकेचं आरेखन त्याच्या भावाचं, ऑलिनचं. रॉडचं नाव आज क्लबच्या दुसऱ्या एका करंडकाला आहे. समुद्रावर एखाद्या नौकेचा किंवा माणसाचा जीव वाचवणाऱ्या दर्यावर्दी कौशल्यासाठी तो दिला जातो.

१९४० साली मानकरी म्हणून एकाही व्यक्तीचं नाव नाही. डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलेल्या सैन्याला आणायला ज्या ब्रिटिश हौशी नौकाधारकांनी आपल्या सहलीच्या नौका बाहेर काढल्या, त्या सगळ्यांना मिळून ते पदक होतं. मे महिन्याच्या अखेरीपासून ४ जूनपर्यंत ३,३८,००० हून अधिक सैनिक तिथून हलवले गेले. मोठा भार आरमाराने आणि व्यापारी जहाजांनी उचलला हे खरं, पण उथळ पाण्यात वाळूपर्यंत जाऊन माणसं मोठ्या जहाजांवर पोचवण्याचं काम लहान नौकांचं होतं. हौशी या शब्दाला इतकी जड कसोटी क्वचितच लागली असेल.

युद्धानंतरची दोन दशकं या पदकाच्या इतिहासात घरगुती म्हणावीत अशी आहेत. १९५५ साली एरिक आणि सुसान हिस्कॉक या जोडप्याला ‘वाँडरर ३’ या ३० फुटांच्या नौकेतल्या प्रदक्षिणेसाठी पदक मिळालं. त्याआधीही क्रो आणि होल्मडाल ही जोडपी यादीत आहेत. १९५९ साली जॉन गझवेलचा ‘ट्रेका’साठी गौरव झाला. साडेवीस फुटांची ही नौका त्याने कॅनडातल्या व्हिक्टोरियात तळलेले मासे विकणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या जागेत बांधली होती. १९६० साली फ्रान्सिस चिचेस्टर, १९६४ साली एरिक ताबार्ली, १९६६ साली ताहितीहून हॉर्न भूशिराला वळसा घालून थेट स्पेन गाठणारा बर्नार्ड मोयतेसिए. ही नावं आपल्या सभासदांना नवी नाहीत, म्हणून पुढे जातो.

पण १९५६ च्या मानकऱ्यापाशी आपण भारतीयांनी थांबायला हवं. एच. डब्ल्यू. टिलमन. १९३६ साली नंदादेवीच्या शिखरावर पोचलेल्या पहिल्या दोघांपैकी एक. पन्नाशी उलटल्यावर त्याने ‘मिस्चीफ’ ही १९०६ सालची पायलट नौका घेतली, मॅजेलनची सामुद्रधुनी गाठली, किनाऱ्यावर उतरून पॅटागोनियाचं हिमक्षेत्र पायी ओलांडलं आणि पनामामार्गे घरी आला. २०,००० मैलांची ती फेरी. डोंगर चढायला जायचं तर शिडाच्या नौकेतून जावं, असं ठरवणाऱ्या या माणसाला पुढची वीस वर्षं समुद्राने सोडलं नाही. १९७७ साली दक्षिण अटलांटिकमध्ये तो ज्या नौकेवर होता ती सर्वांसह नाहीशी झाली.

अलीकडच्या नावांत एकच घेतो. २०१३ साली जीन सॉक्रेटिस यांना पदक मिळालं. व्हिक्टोरियाहून निघून कुठेही न थांबता, कुणाची मदत न घेता, २५९ दिवसांनी त्या परत आल्या तेव्हा सत्तर वर्षांच्या होत्या.

आता मुंबई आणि गोवा. नटिंगच्या ‘टायफून’चा आरेखक अ‍ॅटकिन वर आलाच आहे. त्याने १९२० च्या दशकात कॉलिन आर्चरच्या त्याच बचावनौकांची घडण लहान करून ‘एरिक’ नावाचं ३२ फुटी नौकेचं आरेखन केलं. चाळीसेक वर्षांनी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या व्यापारी जहाजावरच्या तरुण अधिकाऱ्याने मुंबईत त्या आरेखनावरून सागवानाची नौका बांधून घेतली. सुतारांनी वाकस चालवून लाकूड हाताने तासलं. तिचं नाव ‘सुहेली’. १४ जून १९६८ ला तो तिच्यातून फाल्मथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परतला. ३१२ दिवसांची ती जगातली पहिली एकट्याने, न थांबता केलेली पृथ्वीप्रदक्षिणा. ज्या दोरीच्या एका टोकाला नटिंग आहे, तिच्या दुसऱ्या टोकाला मुंबईचे सुतार आहेत.

आपल्याकडे १९८५ ते १९८७ मध्ये सैन्याच्या इंजिनिअर दलाने ‘तृष्णा’तून मुंबई ते मुंबई प्रदक्षिणा केली. पण एकट्याने, भारतात बांधलेल्या नौकेतून जायचं, हा ध्यास व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचा. निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहून त्यांनी तो नेटाने लावून धरला. रत्नाकर दांडेकर यांनी गोव्यातल्या दिवाड बेटावरच्या आपल्या कारखान्यात ५६ फुटांची ‘म्हादेई’ बांधली. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले, चार ठिकाणी थांबले आणि मे २०१० मध्ये परतले. त्यांची पाठराखण करणाऱ्यांत नॉक्स-जॉन्स्टनही होते. मग अभिलाष टॉमी त्याच ‘म्हादेई’तून १ नोव्हेंबर २०१२ ला निघून ३१ मार्च २०१३ ला, वाटेत कुठेही न थांबता, मुंबईला आले. दोंदे यांना शौर्यचक्र मिळालं, टॉमी यांना कीर्तिचक्र. ‘म्हादेई’ मी मांडवीत उभी असलेली पाहिली आहे. जवळून पाहिलं तर दोर ज्या कडांवरून जातो तिथली झीज दिसायची. बोट फिरवलं तर खाच लागायची.

हे अधिकारी नौदलाचे, नौका सरकारची, तेव्हा त्यांना हौशी म्हणावं का, असा प्रश्न आपल्या बैठकीत निघाला होता. माझं मत तेव्हा दिलं तेच आहे. हुकमाने माणूस बोटीवर चढेल, पण दीडशे दिवस एकटा राहून रोज पहाटे उठून दोर तपासेल तो हौसेनेच.

नॉक्स-जॉन्स्टनने ती प्रदक्षिणा ज्या शर्यतीत केली होती, ती गोल्डन ग्लोब शर्यत २०१८ साली, त्याच्या काळातल्या साधनांनीच जायचं, अशा अटीवर पुन्हा भरली. टॉमी यांच्यासाठी दिवाडलाच ‘सुहेली’ची प्रतिकृती बांधली गेली. तिचं नाव ‘तुरिया’. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीचा कणा दुखावला. ते बिछान्यावरून हलू शकत नव्हते. ग्रेगर मॅकगकिन या आयरिश स्पर्धकाची स्वतःची नौकाही त्याच वादळात मोडली होती, तरी त्याने ती टॉमी यांच्या दिशेने वळवली. तिसऱ्या दिवशी ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्तीनौकेने त्यांना उचललं. आवटी त्यानंतर सहा आठवड्यांनी, ३ नोव्हेंबरला गेले.

टॉमी पुन्हा चालायला शिकले. पाठीत टायटॅनियमच्या सळया घेऊन ४ सप्टेंबर २०२२ ला ते फ्रान्समधल्या ले साब्ल दोलॉनहून याच शर्यतीला पुन्हा निघाले. नोव्हेंबरमध्ये तापिओ लेहतिनेन या फिनिश स्पर्धकाची नौका काही मिनिटांत बुडाली आणि तो एकटा तराफ्यावर राहिला. दक्षिण आफ्रिकेच्या किर्स्टन नॉयशेफर जवळ होत्या. त्यांनी रात्रभर सुकाणू धरून त्याला सकाळी गाठलं आणि मग ‘दर्या गायत्री’ नावाच्या मालवाहू जहाजावर पोचवलं. त्या रात्री आपली वाट सोडून त्याच्याकडे नौका वळवणारे आणखी एक स्पर्धक होते, अभिलाष टॉमी. किर्स्टन पोचल्याचं कळल्यावर त्यांनी पुन्हा पूर्वेकडे शीड लावलं आणि २९ एप्रिल २०२३ ला, निघाल्यापासून २३६ दिवसांनी, किर्स्टनच्या मागोमाग दुसरे येऊन धक्क्याला लागले.